इंटर्नशिप ग्रामपंचायतीत की नगरपरिषदेत? लोणी देवकरच्या विद्यार्थ्यांनी अर्जाआधी हे समजून घ्या

पदवीला आता इंटर्नशिप टाळता येणार नाही. राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत नवे शैक्षणिक धोरण 2023-24 पासून लागू झाले, तर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत पदवीच्या पहिल्या वर्षाला 2024-25 पासून. म्हणजे संलग्न कॉलेजांतली पहिली तुकडी 2026-27 मध्ये तिसऱ्या वर्षात असेल आणि इंदापूर-बारामती पट्ट्यात एकाच वेळी शेकडो मुले जागा शोधतील.

लोणी देवकरला पुणे-सोलापूर महामार्गालगत एमआयडीसी आहे. त्यामुळे कारखान्याचे गेट जवळ आहे. पण ज्याला समाजकार्यात किंवा सरकारी कार्यालयात शिकायचे आहे, त्याने काय करायचे?

किती क्रेडिट, किती तास?

राज्याच्या आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंगला 4 क्रेडिट आहेत, समुदाय सहभाग उपक्रमाला 2. एका क्रेडिटला 30 तास धरले तर ट्रेनिंगचे 120 तास होतात. हे 'एनएसएस'सारखेच आहे, असा अनेकांचा समज असतो. एनएसएसमध्ये वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते, पण ते ऐच्छिक. इथे मात्र गुणपत्रिका अडते.

पैसे मिळतात का?

खरी गोची इथेच आहे. 2024 मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना महिना 6 हजार, आयटीआय व पदविकाधारकांना 8 हजार, पदवीधरांना 10 हजार रुपये विद्यावेतन ठरले. पण शिक्षण चालू असलेला विद्यार्थी त्यात बसत नाही. सहा महिन्यांची मुदत 2025 मध्ये 11 महिन्यांवर नेली, तरी ही अट तशीच राहिली. केंद्राची पीएम इंटर्नशिप योजना 2024 मध्ये आली तेव्हा तिच्यातही पूर्णवेळ शिकणाऱ्यांना प्रवेश नव्हता.

थोडक्यात, शिकत असताना क्रेडिट मिळते, विद्यावेतन नाही. विद्यावेतन मिळते तेव्हा क्रेडिटची गरज संपलेली असते. एसटीचा पास, डबा आणि शेतातला बुडालेला रोज घरच्यांनीच सोसायचा. पुण्यातल्या मुलाला हा खर्च जाणवतही नसेल. लोणी देवकरच्या घरात त्याचा हिशेब होतो.

नगरपरिषदेचे दार कुणासाठी?

केंद्राने जून 2020 मध्ये 'ट्युलिप' योजना सुरू केली. ती नगरपालिका, महापालिका आणि स्मार्ट सिटींसाठी आहे. पदवी घेऊन 18 महिने झाले नसतील तर अर्ज करता येतो. लोणी देवकर ग्रामपंचायत असल्याने या योजनेत ती येत नाही. गावातल्या ताज्या पदवीधराला इंदापूर किंवा बारामती नगरपरिषद पाहावी लागते.

मग गावातच का नाही?

क्रेडिटसाठी ग्रामपंचायत हे चांगले ठिकाण ठरू शकते. फक्त कॉलेज आणि ग्रामपंचायत यांच्यात लेखी पत्र हवे, कॉलेजचा मार्गदर्शक शिक्षक हवा आणि कार्यालयात हजेरी पाहणारा माणूस ठरलेला हवा. कामाची कमतरता नाही. नमुना 8 मधल्या घरपट्टीच्या नोंदी तपासणे, विकास आराखड्यासाठी वस्तीनिहाय पाहणी, पाणीपुरवठ्याच्या वाहिन्यांचा नकाशा. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला शेवटचे काम तर अभ्यासक्रमातलेच वाटेल.

अडचण वेगळीच आहे. कार्यालयात मूल आले की त्याला झेरॉक्स काढायला बसवायचे, शेवटच्या दिवशी 120 तासांवर सही करायची. यात कागद पूर्ण होतो, शिकणे नाही. म्हणून पहिल्याच दिवशी कामाची यादी लिहून घ्यावी. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली झाली तर नवे साहेब हे सगळे पुन्हा विचारतील, तेव्हा ती यादी आणि हजेरीची प्रत स्वतःजवळ ठेवावी. आणि काम सुरू करण्याआधी विभागप्रमुखांची लेखी मंजुरी घ्यावी. मंजुरीआधी भरलेले तास कॉलेज धरेलच असे नाही.