उगमींचा गाळ

एका विद्यार्थ्याचे दोन गुण आम्हीं सुमारें तीस वर्षांपूर्वीं कापले होते. ते परत करावयाचे आहेत, म्हणून या महिन्याचें हें टिपण.

सहामाही परीक्षेंत आम्हीं प्रश्न घातला होता, "नदीचें पाणी कोठें निर्मळ व कोठें गढूळ असतें?" उगमापाशीं निर्मळ, मुखापाशीं गढूळ, हें उत्तर अपेक्षित होतें, आणि बहुतेक मुलांनीं तें बिनचूक लिहिलें. एकानें मात्र लिहिलें, "गंगा उगमापाशींच गढूळ असते." त्याचे वडील लष्करांत होते, उत्तरेकडे असतांना मुलानें ती पाहिली असावी. आम्हीं उत्तरावर तांबडी रेघ ओढली; एवढेंच नव्हे, तर त्याला वर्गांत उभें करून म्हटलें, "अरे, मूळच अशुद्ध असेल तर पुढें शुद्ध काय राहणार?" वर्ग हंसला. मुलगा खालीं मान घालून बसला.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही सहकुटुंब उत्तरेच्या यात्रेस गेलों. गंगोत्रीपासून गोमुख सुमारें १८ किलोमीटर. भोजवासा येथें मुक्काम करून सकाळीं पुढें निघालों. समुद्रसपाटीपासून सुमारें ४,००० मीटर उंचीवर, बर्फाच्या कड्याच्या पोटांतून भागीरथी उसळत बाहेर येते. तें पाणी पाहून आम्ही जागच्या जागीं उभे राहिलों. राखाडी झांक मारणारें, ताकासारखें दाट पाणी! कुटुंबानें कांचेची बाटली भरून घेतली व ती उन्हांत धरून म्हणालें, "अहो, हें तर गढूळच आहे कीं." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तीस वर्षांपूर्वींची ती खालीं घातलेली मान तेवढी डोळ्यांपुढें आली.

आमची चूक कोठें झाली, हें घरीं आल्यावर पुस्तकें चाळतांना उमगलें. आम्हीं कृष्णा पाहिली होती महाबळेश्वरीं. तेथें पावसाचें पाणी खडकांत मुरतें व झऱ्यावाटे गाळून बाहेर येतें. तें स्वच्छ असणारच. गंगोत्रीचा प्रकार निराळा. तेथें सुमारें ३० किलोमीटर लांबीची हिमनदी स्वतःच्या भारानें हळूहळू खालीं सरकत असते. बर्फ खडकापेक्षां मऊ खरा. परंतु त्याच्या तळाशीं दगडगोटे घट्ट रुतलेले असतात, आणि वरून शेंकडों फूट बर्फाचा दाब. खालचा खडक ही जात्याची खालची तळी, रुतलेले दगड ही वरची. हें जातें अहोरात्र फिरतें, आणि जें दळण निघतें तें इतकें बारीक असतें कीं, त्यास शास्त्रज्ञ "हिमनदीचें पीठ" असेंच म्हणतात. बर्फ वितळून झालेलें पाणी तळाच्या भुयारांतून धांवतें व तें पीठ आपल्याबरोबर घेऊन येतें. दुपारच्या उन्हानें वितळणें वाढलें कीं पाण्याचा लोट वाढतो, आणि सामान्यतः गाळहि वाढतो. पहाटे दोन्हीं उतरतात.

हें पीठ लवकर खालीं कां बसत नाहीं? स्थिर पाण्यांत एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण चार बोटें खालीं यावयास आठ-दहा सेकंद पुरतात. एक सहस्रांश मिलिमीटरच्या कणास तेवढ्याच अंतरास सुमारें एक अहोरात्र लागतें. हें स्थिर पाण्याचें झालें. वाहत्या पाण्यांत तो कण बसावयाचा केव्हां?

डोळ्यांस दिसणाऱ्या या ओझ्याखेरीज नदी एक न दिसणारें ओझेंहि वाहते, तें विरघळलेल्या द्रव्यांचें. घरांतील मुलांस येथें एक गणित घालावें. एक फूट लांबी-रुंदी-उंचीच्या दगडाचें पृष्ठफळ ६ चौरस फूट. त्याच दगडाचे एक-एक इंचाचे तुकडे केले तर होतील १,७२८, आणि त्यांचें एकूण पृष्ठफळ भरेल ७२ चौरस फूट. मग त्याचें पीठ केलें तर पाण्यास भिडणारा पृष्ठभाग किती वाढेल? खडीसाखरेपेक्षां पिठीसाखर लवकर विरघळते, तोच न्याय येथें लागू होतो. शिवाय खडकांत लोह व गंधक यांच्या संयोगाचीं खनिजें असतात. तीं नव्यानें फुटून प्राणवायुयुक्त पाण्यास भिडलीं कीं गंधकाम्ल तयार होतें, आणि तें चुनखडीसारख्या खडकास विरघळवितें. हवेंतील कर्बद्विप्राणिद वायूहि पाण्यांत मिसळून सौम्य आम्ल बनतो व त्याच कामास लागतो. अशा रीतीनें चुन्याचीं द्रव्यें, मॅग्नेशियम, सिलिका हीं पाण्यांत उतरतात. पाणी गाळून घेतलें तरी तीं राहतातच. आपल्या बंबांत जो पांढरा थर धरतो, तो याच जातीचा. जगांतील सर्व नद्या मिळून वर्षास सुमारें ४०० कोटि टन विरघळलेलें द्रव्य समुद्रास पोंचवितात.

हें द्रव्य समुद्रांत वायां जात नाहीं. सिलिकेपासून डायटम नांवाचीं सूक्ष्म शैवालें आपलें कांचेसारखें कवच घडवितात. चुन्यापासून शंखशिंपले होतात. लोह हें समुद्रांतील वनस्पतींचें पोषण. आणि तरंगता गाळ? खाऱ्या पाण्याशीं गांठ पडतांच त्याचे बारीक कण एकमेकांस चिकटून पुंजके होतात व खालीं बसूं लागतात. गढूळ पाण्यांत तुरटी फिरविली असतां जें घडतें, त्याचाच हा मोठा भाऊ.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. गंगासागरास मिळणारा सगळा गाळ हिमनद्यांचा नव्हे. देवप्रयागपाशीं गंगेच्या वार्षिक पाण्यांत हिमाचा व बर्फाचा वाटा एकतृतीयांशाहून कांहींसा कमी भरतो; मैदानांत तर तो फारच घटतो. बहुतेक गाळ आणतो तो पावसाळा: कोसळलेल्या दरडी व धुपलेले डोंगरउतार. परंतु बर्फाचें जातें किती दळतें, हें पाहावयाचें असल्यास ग्रीनलंडकडे पाहावें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, जगांतील नद्या समुद्रास देतात त्या पाण्यांत तेथील वाटा शेंकडा एकाच्या आसपास; तरंगत्या गाळांत मात्र शेंकडा सात ते नऊ!

गंगा व ब्रह्मपुत्रा मिळून वर्षास सुमारें १०० कोटि टन गाळ खालीं आणतात. त्यांतून बंगालची भूमि घडली. उरलेला समुद्राच्या तळावरून पुढें सरकला. बंगालच्या उपसागराच्या तळाशीं त्याचा जो पंखा पसरला आहे, तो सुमारें ३,००० किलोमीटर लांब असून कांहीं ठिकाणीं १६ किलोमीटर जाड आहे. श्रीलंकेस मागें टाकून, विषुववृत्त ओलांडून हिमालयाची माती गेली आहे! सगरपुत्रांच्या राखेसाठीं भगीरथानें गंगा आणिली, ही कथा आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितली असेल. पण ती येतांना पर्वतहि घेऊन येते, हें सांगावयाचें राहिलें.

आज हा प्रवास पूर्वींसारखा राहिलेला नाहीं. भागीरथीवर टिहरी येथें २६०.५ मीटर उंचीचें धरण २००६ सालापासून वीज देत आहे. धरणांत पाणी थबकतें आणि गाळाचा मोठा भाग तेथेंच बसतो. वीज नको असें आमचें म्हणणें नाहीं. पण मुखाकडची चिखलाची जमीन आपल्याच भारानें दबत असते. वरून नवा थर न मिळाला तर ती खचते, आणि समुद्र तर चढतो आहे. तेथील शेतकऱ्यास गाळ म्हणजे पायांखालची जमीन. उलट पक्षीं, ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं चमोली जिल्ह्यांत खडक व बर्फ यांचा कडा कोसळून ऋषिगंगेस लोट आला. दोनशेंहून अधिक माणसें त्यांत मृत वा बेपत्ता झालीं, आणि त्या गढूळपणाची झळ कालव्यावाटे दिल्लीच्या पाणीपुरवठ्यासहि लागली. नदीचा गाळ पोसतो आणि बुडवितोहि. त्याचें मोजमाप ठेवणें एवढें तरी आपल्या हातीं आहे.

गोमुखाहून आणलेली ती बाटली आमच्या देवघरांत आहे. आतां पाणी स्वच्छ झालें असून तळाशीं राखाडी थर बसला आहे. गेल्या श्रावणांत देवघर पुसतांना सूनबाईनें विचारलें, "मामंजी, हें खराब झालेलें दिसतें, झाडांना घालूं का?" आम्ही म्हणालों, "राहूं दे. हिमालयाचें पीठ आहे तें." मग नातवंडांनीं बाटली हालविली, पुन्हां पाणी ताकासारखें झालें, आणि तें निवळावयास किती वेळ लागतो हें पाहण्यासाठीं तीं घड्याळ घेऊन बसलीं. दुसऱ्या दिवशीं शाळेस जातांनाहि तें पुरतें निवळलेलें नव्हतें.

त्या विद्यार्थ्याची आतां चाळिशी उलटली असेल. हें टिपण त्याच्या घरीं कोणी वाचलें, तर त्यास सांगावें कीं, मास्तरांनीं दोन्ही गुण परत केले आहेत. आणि ज्या वाक्यावर वर्ग हंसला होता, तें वाक्यहि मागें घेतलें आहे.