उत्तर देणारे यंत्र आणि मौन राखणारा देव

स्वित्झर्लंडमधील लुसर्न शहरात संत पेत्राच्या नावाचे एक जुने प्रार्थनामंदिर आहे. २०२४ साली तेथील पापनिवेदनाच्या कक्षात सुमारे दोन महिने एक वेगळाच प्रयोग झाला. जाळीच्या पलीकडे धर्मगुरू बसलेले नव्हते, तर संगणकाचा पडदा होता व त्यावर प्रभू येशूची प्रतिमा होती. येणाऱ्याने बोलावे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने उत्तर द्यावे, तेही सुमारे शंभर भाषांपैकी कोणत्याही भाषेत, अशी ती योजना होती. हा संस्कार नव्हे, आपली खासगी माहिती येथे सांगू नये, अशी सूचना अगोदरच देण्यात येई. तरीही हजाराच्या आसपास माणसे त्या कक्षात गेली. आपला अभिप्राय देणाऱ्या सुमारे २३० जणांपैकी दोन तृतीयांश लोकांनी तो आध्यात्मिक अनुभव असल्याचे सांगितले.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात अमेरिकेतील 'कॅथलिक आन्सर्स' या संस्थेने 'फादर जस्टिन' नावाचे संगणकीय पात्र इंटरनेटवर आणले. ते धर्मगुरूच्या वेषात होते, स्वतःला धर्मगुरू म्हणवीत होते आणि कोणी विचारल्यास पापक्षमेचे शब्दही उच्चारीत होते. टीकेचा भडिमार झाल्यावर काही दिवसांतच त्याचा झगा उतरविण्यात आला व ते नुसते 'जस्टिन' झाले.

या बातम्या वाचून हसू येणे स्वाभाविक आहे. परंतु जगाच्या दुसऱ्या टोकाला घडलेली गंमत म्हणून त्या बाजूला सारता येणार नाहीत. तेच तंत्रज्ञान आज आपल्या खिशात आहे आणि ते मराठी बोलते. आजारी आईसाठी प्रार्थना हवी असे लिहिताच क्षणार्धात सुबक प्रार्थना हजर होते. योगायोग असा की, २०२५ च्या ज्युबिली वर्षाची पूर्वतयारी म्हणून पोप फ्रान्सिस यांनी २०२४ हेच 'प्रार्थना वर्ष' म्हणून घोषित केले होते.

मग यात चुकीचे नेमके काय? शब्द उसने असतात, हा आक्षेप टिकत नाही. शिष्यांनी येशूजवळ प्रार्थना शिकविण्याची विनंती केली, तेव्हा प्रभूने त्यांना तयार शब्दच दिले. जपमाळेचे शब्द आपले नाहीत, दीडशे स्तोत्रेही आपली नाहीत. आविलाची संत तेरेजा (१५१५ ते १५८२) ही तर प्रार्थनेची महान शिक्षिका. परंतु तिने आपल्या आत्मचरित्रात प्रांजळपणे कबूल केले आहे की, कितीतरी वर्षे पुस्तक जवळ असल्याशिवाय प्रार्थनेला बसण्याचे धाडस तिला होत नसे. प्रार्थनेचा तास केव्हा संपतो याकडे आपले कान लागलेले असत, हेही तिने लपविले नाही. तेव्हा विरार-चर्चगेट लोकलच्या गर्दीत उभ्याने मोबाईलवर जपमाळ ऐकणाऱ्याला कोणी नावे ठेवू नयेत. तेरेजेच्या हातातील पुस्तकाचे काम त्याच्यासाठी तो मोबाईल करीत आहे.

मात्र पुस्तक वाचकाशी देव होऊन बोलत नाही. खरा भेद येथे आहे. प्रार्थना म्हणजे जिवंत देवाशी असलेले जिवंत व व्यक्तिगत नाते, असे कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ शिकवितो. तेरेजेच्या लेखी ती मैत्री होती. मैत्रीला पलीकडे कोणीतरी असावे लागते, आणि पडद्यामागे तर कोणीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी 'अंतिक्वा एत नोव्हा' हे टिपण प्रसिद्ध केले. त्यातील एक मुद्दा मार्मिक आहे. स्तोत्रकर्त्याने वर्णिलेल्या मूर्तींना तोंड असून बोलता येत नव्हते. हे यंत्र बोलते, निदान बोलण्याचा आभास निर्माण करते, आणि म्हणूनच ते अधिक मोहात पाडणारे आहे.

यंत्र कधीही गप्प राहत नाही, ही मला त्याहून गंभीर बाब वाटते. विचारले की उत्तर, आणि तेही बहुधा आपल्या मनाजोगे. देवाचे तसे नाही. आपल्या मुलीसाठी टाहो फोडणाऱ्या कनानी स्त्रीला येशूने प्रथम एका शब्दानेही उत्तर दिले नाही, असे मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. ती मात्र जागची हलली नाही, आणि तिच्या श्रद्धेची थोरवी त्या थांबण्यातूनच प्रकट झाली. कोलकात्याच्या मदर तेरेजा यांची पत्रे २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा जग चकित झाले. रोज पहाटे प्रार्थनेला गुडघे टेकणाऱ्या या धर्मभगिनीला कित्येक दशके देवाची जवळीक जाणवलीच नव्हती. तरीही त्यांनी प्रार्थना सोडली नाही. त्या काळात त्यांच्या हाती रात्री-अपरात्री गोड उत्तरे देणारे साधन असते, तर? हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. मौनात थांबण्याची सवय मोडली, तर नाते खोल कशाने व्हावे?

पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये येशूच्या पवित्र हृदयाविषयी 'दिलेक्सित नोस' हे परिपत्रक लिहिले. आई-आजीच्या शेजारी बसून घरगुती पक्वान्नाच्या कडा काट्याने दाबून बंद केल्याची बालपणीची आठवण कोणत्याही गणिती सूत्रात मावणार नाही, असे त्यांनी त्यात सुचविले आहे. आपल्यापैकी अनेकांना क्रुसाची खूण आजीने आपला हात हाती धरून शिकविली, तीही घरच्या बोलीत. यंत्राची मराठी व्याकरणात तिच्यापेक्षा सरस असेल, पण देवाला आपले अडखळणे चालते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल म्हणतो की, काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांवाचूनच्या उसाशांनी आपल्यासाठी विनवणी करतो. बिनचूक वाक्ये तयार करून घेणाऱ्याला त्या उसाशांपर्यंत पोहोचण्याची गरजच भासत नाही.

यंत्राला दोष देऊन आपली सुटका होणार नाही. लुसर्नमध्ये माणसे यंत्रापुढे मन मोकळे करावयास का गेली? काही कुतूहलाने गेली असतील. पण ऐकणारे कोणी नाही म्हणून गेलेलीही असतील. आपल्या धर्मग्रामांत मुले परदेशी गेलेली, मागे दोन वृद्ध जीव राहिलेले, अशी घरे कमी नाहीत. घरात चौघे असून चार पडद्यांकडे पाहणारीही पुष्कळ आहेत. प्रार्थनेचा पहिला धडा घरातच मिळतो, कारण ज्याचे म्हणणे कोणी ऐकले नाही त्याला देव आपले ऐकतो हे पटणे कठीण जाते.

लुसर्नचा तो पडदा मुदत संपल्यावर काढण्यात आला. असा येशू कायमचा ठेवणार नाही, ती जबाबदारी फार मोठी आहे, असे प्रकल्पाशी संबंधित ईशज्ञान अभ्यासकानेच सांगितले. तो कक्ष पुन्हा माणसांसाठी मोकळा झाला. आपल्या चर्चमधील कक्ष तर रिकामाच आहे. तेथे धर्मगुरू ठरलेल्या वेळी बसलेले असतात का, आणि ते बसलेले असताना आपण रांगेत उभे असतो का, हे प्रत्येक धर्मग्रामाने येत्या शनिवारी संध्याकाळी पाहावे.