मामूंची खडूची फुली

नांदेडच्या इतवाऱ्यात आमच्या मामूंचे किराणा दुकान होते. साखरेच्या शेवटच्या दोन पोत्यांवर ते खडूने फुली मारून ठेवत. फुलीचे पोते उघडायची वेळ आली, की त्याच दिवशी मोंढ्यात निरोप जाई. ‘साखर संपली’ हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही क्वचितच ऐकले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरला ही फुली आठवली. गंजगोलाईच्या मागे आमची धाकटी बहीण दुकान चालवते. दुल्हेभाईंच्या इंतकालानंतर तिने ते एकटीने सांभाळले. भाच्याने हौसेने टॅली बसवून दिले. पण २०२५ च्या रमजानमध्ये पहिल्याच अशऱ्यात खजूर संपला, गिऱ्हाईक शेजारी गेले. ईद झाल्यावर मात्र बारा पेट्या पडून राहिल्या. मुलीच्या नीटच्या शिकवणीचा हप्ता त्या पैशातून भरायचा होता. बहीण म्हणाली, “आपा, या कॉम्प्युटरनेच मला बुडवलं.”

आम्ही भाच्याला घेऊन बसलो. टॅलीत प्रत्येक वस्तूपुढे ‘रिऑर्डर लेव्हल’ लिहिता येते. शिल्लक तिथवर उतरली, की ‘रिऑर्डर स्टेटस’च्या पानावर ती वस्तू किती कमी आहे आणि किती मागवावी, हे दिसते. हीच मामूंची फुली. पण फुली कुठे मारायची, हे यंत्राला आपणच सांगायचे असते. भाच्याने तेलापासून मेणबत्तीपर्यंत सगळ्यांपुढे १० लिहिले होते!

लातूरकरांना ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हापासून शेवटची बादली उरेपर्यंत कोणी टँकरची वाट पाहत नाही. टँकर यायला जितके दिवस लागतात, तितक्या दिवसांचे पाणी हाताशी हवे. दुकानातही तेच. तेलाची रोज ६ पाकिटे खपतात, माल यायला ४ दिवस लागतात, म्हणजे २४. गाडी चुकली, सुट्टी आली, तर आणखी २ दिवसांची १२. एकूण ३६ वर फुली. मेणबत्ती आठवड्याला दोन जात असेल, तर तिला १० कशाला? किती मागवायचे, हा प्रश्न वेगळा. खोक्यात १० पाकिटे येत असतील, तर मागणीही दहाच्या पटीत लिहावी.

मग दोन सवयी सापडल्या. उधारीचा माल बहीण वहीत लिहायची, बिल करायची नाही. त्यामुळे फळी रिकामी, आणि टॅलीत मात्र खजूर शिल्लक! दुसरे असे, की हैदराबादच्या व्यापाऱ्याला ऑर्डर फोनवर जायची, तिची नोंद व्हायची नाही. येणारा माल टॅली हिशेबात धरते, पण नोंद असेल तरच. नोंद नसल्याने ते पुन्हा ‘मागवा’ म्हणायचे, आणि भाचा पुन्हा मागवायचा.

तिसरी गोष्ट आमच्या घरांनी विशेष लक्षात ठेवावी. खजुरासाठी भाच्याने मागच्या तीन महिन्यांच्या खपावर लेव्हल ठरवण्याची सोय निवडली होती. रमजानच्या तोंडावर मागचे तीन महिने म्हणजे मंद खप, म्हणून आकडा कमी. ईदनंतर मागचे तीन महिने म्हणजे रमजानचा खप, म्हणून आकडा मोठा! गरज नेमकी उलटी असते. गेल्या वर्षीचा तोच महिना पाहूनही भागत नाही. आपल्याकडे २०२४ चा पहिला रोजा १२ मार्चला होता, २०२५ चा २ मार्चला. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकतो, टॅलीचे महिने जागेवरच राहतात. म्हणून खजूर, शेवया आणि शरबत यांचे आकडे आम्ही हातानेच लिहायचे ठरवले. शाबानच्या सुरुवातीला वाढवायचे आणि शेवटच्या अशऱ्यात शून्यावर आणायचे.

दोन दिवस दुकानाचे अर्धे शटर लावून सगळा माल मोजला. वहीतली उधारी बिलात चढवली. पडून असलेला खजूर बहिणीने खरेदीच्या भावात विकला. नफा नाही, पण रक्कम मोकळी झाली. हप्ता पंधरा दिवस उशिरा भरला गेला, मुलीची शिकवणी सुटली नाही. आता दर जुम्याला दुकान उघडण्याआधी भाचा दहा वस्तू हाताने मोजतो आणि टॅलीशी ताडून पाहतो.

नांदेडला परतल्यावर आम्ही घरातही एक फुली मारली. अब्बांच्या बीपीच्या गोळीचे पाकीट दहाचे, रोज एक. मेडिकलवाल्याला ती मागवून द्यायला तीन दिवस लागतात. दोन दिवस हाताशी धरून पाचव्या गोळीमागे पेनाने खूण केली. आता खूण आली, की अब्बाच हाक मारतात, “बेटा, फुली आली!”