गाडीचा श्वास आणि श्रावकाचा विवेक

वेळापूर, अकलूज, नातेपुते या पट्ट्यातील आपल्या बहुतेक व्यापारी कुटुंबांच्या दारी चारचाकी उभी असते. बाजाराची खेप, पाहुण्यांची ने-आण, दहिगाव किंवा कुंथलगिरीची यात्रा, सारे तिच्यावरच चालते. मात्र पीयूसी प्रमाणपत्राची मुदत संपली की आपल्याला तिच्या धुराची नव्हे, केवळ कागदाची आठवण होते. म्हणून या वेळी कागदामागील यंत्राचा विचार करू.

पेट्रोल गाडीच्या धूरनळीत ऑक्सिजन सेन्सर नावाचा बोटभर भाग बसवलेला असतो. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. जळून आलेल्या वायूत प्राणवायू किती उरला, हे सेन्सर मोजतो आणि संगणकाला कळवतो; संगणक त्यानुसार पेट्रोल कमी-अधिक करतो. आपल्या भाषेत सांगायचे तर हा गाडीचा तराजू आहे. तराजूच खोटा झाला तर मुनीम कितीही प्रामाणिक असो, हिशेब चुकणारच. पेट्रोल जादा जाते, विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि पुढचा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तापून निकामी होऊ शकतो.

बीएस-4 आणि बीएस-6 पेट्रोल गाड्यांच्या तपासणीत इंजिन मंद चालू असताना कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्याच्या आत लागतो. मिनिटाला सुमारे 2500 फेऱ्यांवर ही मर्यादा 0.2 टक्के होते आणि हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा लॅम्डा हा आकडा सर्वसाधारणपणे 0.97 ते 1.03 यांच्या दरम्यान असावा लागतो. या गाड्यांचे प्रमाणपत्र वर्षभर चालते. डिझेल गाडीत धुराची घनता पाहतात. तो विषय वेगळा.

तयारी आठवडाभर आधी करावी. इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला असेल तर मेकॅनिककडून स्कॅनर लावून दोष वाचून घ्यावा. मात्र स्कॅनरने सेन्सरचे नाव दाखवले म्हणून लगेच सेन्सर बदलू नये. सेन्सरच्या अलीकडे धूरनळीला भेग असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला प्राणवायू जास्त दिसतो आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. म्हणून नळीचे सांधे, एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि सेन्सरची वायर आधी पाहावी. बॅटरीची तार काढून दिवा विझवणे हा उपाय नव्हे. दोष तसाच राहतो आणि संगणकाने शिकलेली दुरुस्ती मात्र पुसली जाते. सेन्सर पेट्रोलने धुऊ नये. बदलताना गाडीच्या मॉडेलचाच घ्यावा.

तपासणीच्या दिवशी गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून मगच केंद्रावर न्यावी. सेन्सर सुमारे 300 अंश सेल्सिअसपुढे तापल्यावरच नीट मोजतो आणि कन्व्हर्टरलाही उष्णता लागते. थंड गाडी चांगली असूनही नापास होऊ शकते.

आता खरा प्रश्न. गाडी न नेता, ओळखीने प्रमाणपत्र मिळत असेल तर घ्यावे का? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, स्पष्ट सांगितली आहे. न तपासलेल्या धुराचा दाखला हा खोटा लेखच होय. दुकानात वजनकाटा प्रमाणित करून घेणारा श्रावक येथे डोळेझाक करील, तर त्याच्या व्रताला कोणता अर्थ उरला?

दुसरी गोष्ट हिंसेची. गृहस्थाला प्रवास टाळता येत नाही. त्यातील आरंभ अपरिहार्य आहे. परंतु आळसाने वाढलेला धूर अपरिहार्य नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात निष्कारण पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू यांचा आरंभ करण्याला प्रमादचर्या म्हटले आणि तिची गणना अनर्थदंडात केली. बिघडलेल्या सेन्सरसह महिनोन्महिने गाडी फिरवणे याच सदरात मोडते. त्यातून आपला व्यवहार साधत नाही, पेट्रोल मात्र जळते आणि वायुकायिक जीवांबरोबर रस्त्याकडेच्या माणसांनाही पीडा होते.

वेळापूर हे आषाढीच्या वाटेवरील मुक्कामाचे गाव. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत हजारो वारकरी याच रस्त्याने पायी जातात. त्यांच्या शेजारून जाणाऱ्या आपल्या गाडीचा धूर थेट त्यांच्या श्वासात मिसळतो. चातुर्मासाचे नियम घेण्याआधी दारच्या गाडीची तपासणी करून घेतली, तर तोही संयमाचाच एक भाग ठरेल. वहीत नोंद करताना तारखेसोबत तपासणीचे आकडेही लिहून ठेवावेत. पुढील वर्षी त्यात वाढ दिसली, तर दिवा पेटण्याची वाट न पाहता दुरुस्ती करता येईल.