मध्यस्थी : कोणाची आणि कोणासाठी?

तंजावूर म्हटले की मराठी वाचकाला भोसल्यांचा दरबार आठवतो, सरस्वती महालातील पोथ्या आठवतात, फार तर बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख आठवतो. महाराष्ट्राच्या महसुली दप्तरातला आणखी एक शब्द त्या मुलखात रूढ आहे, त्याची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. तो शब्द म्हणजे ‘मिरासदार’. भोसल्यांचा मुलूख १७९९ मध्ये कंपनी सरकारच्या हाती गेला, पुढे कंपनीही गेली; परंतु कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीवर मिरासदाराची हुकमत कायम राहिली आणि त्या शेतीत राबणारा ‘पण्णैयाळ’, म्हणजे पिढीजात बांधलेला गडी, त्याच्या दाराशीच राहिला. पण्णै म्हणजे मालकाची घरची शेती आणि आळ म्हणजे माणूस. बैल जसा शेतीचा, तसाच हा माणूसही शेतीचा, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ.

या दोघांमधील तंटा वाटाघाटीने मिटू शकतो काय? हा प्रश्न आज पुन्हा विचारण्याचे कारण असे की, मध्यस्थीचा सर्वत्र बोलबाला सुरू झाला आहे. संसदेने २०२३ साली मध्यस्थी कायदा संमत केला. न्यायालये खटल्यांनी तुंबली आहेत, तेव्हा लोकांनी आपसात मिटवावे, असे न्यायमूर्तींपासून मंत्र्यांपर्यंत सगळे सांगत आहेत. पक्षाच्या कार्यकर्त्यांत या विषयी दोन टोकांच्या भूमिका आढळतात. काहींना मध्यस्थी हा वर्गसमन्वयाचा सापळा वाटतो आणि ते तिकडे ढुंकून पाहत नाहीत. दुसरे काही तहसीलदाराच्या कचेरीत चहा घेऊन कागदावर सह्या झाल्या की लढा जिंकला असे समजून घरी जातात. तंजावूरचा इतिहास या दोघांनीही वाचावयास हवा.

आधी शब्दांचा घोळ दूर केलेला बरा. लवाद हा निवाडा देतो. त्याने सांगितलेले पक्षकारांना मानावे लागते. मध्यस्थ निवाडा देत नाही. तो दोन्ही पक्षांना एकत्र बसवितो, प्रसंगी वेगवेगळे बसवून ऐकतो, आणि तोडगा त्यांच्याच तोंडून निघावा यासाठी खटपट करतो. समेट अधिकारी या दोहोंच्या मधला : सरकारी माणूस, बोलणी घडवून आणणारा, आणि कित्येक कायद्यांत थोडाफार निकालाचा अधिकारही असणारा. गावची जातपंचायत यांपैकी काहीच नव्हे. ती ज्याच्या हाती जमीन त्याचे न्यायालय असते, आणि तिला मध्यस्थी म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

१९४३ च्या सुमारास कन्नडभाषक कॉम्रेड बी. श्रीनिवास राव किसान सभेच्या कामासाठी तंजावूर जिल्ह्यात आले. त्या वेळचा जिल्हा म्हणजे आजचे नागपट्टिणम, तिरुवारूर आणि मयिलाडुतुरै हे जिल्हेही त्यात आले. पण्णैयाळाने चूक केली की चाबकाचे फटके आणि शेण कालविलेले पाणी पाजणे, ही तेथील ठरलेली शिक्षा होती. संघटना उभी राहिली तेव्हा पहिली मागणी मजुरीची होती तशीच या शिक्षेच्या बंदीचीही होती. चाळीसच्या दशकाच्या मध्यास सरकारी अधिकाऱ्यांच्या समक्ष मिरासदार आणि किसान सभा यांच्यात बोलणी होऊन करार झाले व हा छळ बंद करण्याचे मिरासदारांना मान्य करावे लागले.

या घटनेकडे नीट पाहावे. ज्याला मालकासमोर अंगावर वस्त्र घेऊन उभे राहण्याची मुभा नव्हती, त्याच्या संघटनेची सही मालकाच्या सहीशेजारी आली. मध्यस्थाची हुशारी यात किती होती हे सांगता येत नाही, परंतु कापणीच्या ऐन हंगामात शेकडो गावांतील विळे एकाच वेळी थांबू शकतात ही जाणीव त्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला होती. समोरासमोर बसणे हे मध्यस्थीचे पहिले पाऊल समजले जाते. तंजावूरमध्ये ते पाऊल टाकण्यासाठीच मुळात लढा द्यावा लागला.

पुढे १९४८ च्या ऑक्टोबरात मायावरम् येथे, म्हणजे आजच्या मयिलाडुतुरैत, मजुरीसंबंधी करार झाला. त्या वर्षी पक्षाचे कार्यकर्ते तुरुंगात तरी होते नाहीतर भूमिगत तरी. करार कागदावर चांगला होता. पण तो अमलात आणण्यासाठी गावात उभा राहणारा माणूसच गावात नव्हता. भाताच्या मजुरीत माप लिहिलेले असते, पण मापाचे भांडे कोणाच्या घरचे, ते शीग लावून भरायचे की काठोकाठ, आणि ते कोणाच्या देखत भरायचे? असल्या बारीकसारीक गोष्टी ज्या करारात सुटतात तो करार पहिल्याच सुगीत फाटतो. वाटाघाटींचे शिक्षण म्हणजे नेमके हे शिक्षण.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तंजावूरच्या जनतेने कम्युनिस्ट उमेदवार निवडून दिले. त्याच वर्षी राजाजींच्या सरकारला प्रथम वटहुकूम आणि मग तंजावूर कुळे व पण्णैयाळ संरक्षण कायदा करावा लागला. त्यात समेट अधिकारी नेमण्याची आणि त्याच्या निर्णयावर महसुली न्यायालयाकडे दाद मागण्याची तरतूद होती. कुळाचा वाटा वाढला, गड्याला मनमानीने काढून टाकण्यावर बंधन आले. कित्येक मिरासदारांनी त्यावर काढलेला उपाय असा की पण्णैयाळ ठेवायचाच नाही. त्याच माणसाला रोजंदारीवर कूली म्हणून बोलवायचे. गडी तोच, शेत तेच, काम तेच, फक्त नाव बदलले आणि समेट अधिकाऱ्याचे दार त्याला बंद झाले. करारातील किंवा कायद्यातील एका व्याख्येवर माणसाचे पोट कसे अवलंबून असते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. शब्दांच्या बाबतीत आपले कार्यकर्ते फार उदार असतात. मालकाचा वकील तसा नसतो.

आणि मग १९६८ साल आले. नागपट्टिणम भागातील जमीनदारांनी स्वतःचा भात उत्पादक संघ स्थापन केला होता. शेतमजुरांची मागणी मजुरीत अर्धे माप भात वाढवून मिळावे एवढीच होती. संघाची मागणी निराळी होती : लाल बावटा उतरवा आणि आमच्या संघात या. या दोन मागण्या शेजारी ठेवल्या म्हणजे बोलणी का तुटली ते कळते. अर्ध्या मापाबद्दल मध्यस्थी होऊ शकते. पाव माप ठरले असते, हंगामापुरते ठरले असते. संघटना असावी की नसावी याबद्दल मध्यस्थी होऊ शकत नाही, कारण ती नाहीशी झाली की बैठकीत बसणारा दुसरा पक्षच उरत नाही. २५ डिसेंबरच्या संध्याकाळी झालेल्या चकमकीत जमीनदारांच्या बाजूचा एक माणूस मारला गेला. त्याच रात्री कीळवेण्मणी गावातील दलित वस्तीवर हल्ला झाला, आणि जीव वाचविण्यासाठी एका झोपडीत शिरलेली ४४ माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, जिवंत जाळण्यात आली.

खालच्या न्यायालयाने जमीनदारांना शिक्षा दिली होती. १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. एवढे मोठे जमीनदार, मोटारी बाळगणारे सद्‌गृहस्थ, स्वतः चालत जाऊन घरे पेटवतील हे संभवत नाही, असा विचार त्या निकालपत्रात आहे. मैथिली शिवरामन यांनी त्याच वर्षी या ‘सद्‌गृहस्थ मारेकऱ्यां’वर लेख लिहिला, तो आजही वाचण्यासारखा आहे. हा सद्‌गृहस्थ पुढे पुन्हा भेटणार आहे.

हत्याकांडानंतर सरकारने गणपतिया पिळ्ळै यांचा आयोग नेमला आणि १९६९ मध्ये शेतमजुरांच्या वाजवी मजुरीचा कायदा झाला. जे अर्धे माप बैठकीत मिळाले नव्हते ते ४४ प्रेतांनंतर विधिमंडळात चर्चेला आले.

याच भूमीवर निराळ्या वाटेने काम करणारे सर्वोदयी दांपत्य जगन्नाथन आणि कृष्णम्माळ यांचाही उल्लेख केला पाहिजे. कीळवेण्मणीनंतर ते तिकडे राहावयास गेले आणि १९८१ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेमार्फत जमीनदार, बँका आणि भूमिहीन कुटुंबे यांच्यात बोलणी घडवून त्यांनी दलित स्त्रियांच्या नावे जमिनी करून दिल्या. हृदयपरिवर्तनाच्या त्यांच्या तत्त्वज्ञानाशी मतभेद राहणारच. जमीन विकण्यास तयार झालेला मिरासदार पूर्वीच्या चार दशकांच्या लढ्याने वाकलेला होता, हे ते तत्त्वज्ञान सांगत नाही. परंतु एकेका गावात पुन्हापुन्हा जाणे, किंमत ठरेपर्यंत उठून न जाणे, सातबारासारखा कागद बाईच्या नावे होईपर्यंत पिच्छा न सोडणे, ही चिकाटी त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा कसला?

महाराष्ट्रातील कामगाराचा समेटाबद्दलचा संशयही निराधार नाही. १९३८ मध्ये मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले, त्यात समेटाची प्रक्रिया सक्तीची करून ती पुरी होण्याआधीचा संप बेकायदा ठरविला होता. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप केला. विरोध बोलण्याला नव्हता. बोलणी चालू असेतो कामगाराचे हात बांधून ठेवण्याला होता. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही समेटाची कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संपाला मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. म्हणजे गिरणगावचा जुना प्रश्न नव्या कारखान्यांच्या दाराशी आला आहे.

मग शिकायचे ते काय? कार्यकर्ता जेव्हा आपल्याच युनियनच्या बाजूने बसतो तेव्हा तो मध्यस्थ नसतो, पक्षकार असतो. त्याने निःपक्षपातीपणाचे सोंग आणू नये. पण समोरच्याची गरज ओळखण्याची विद्या त्यालाही हवी. कापणीला मालक बाहेरगावचे मजूर आणतो यावरून डोकी फुटतात. मालकाची गरज पाऊस यायच्या आत भात घरात येण्याची आहे. गावच्या मजुराची गरज वर्षातले ते थोडे दिवस हातचे न जाण्याची आहे. आधी गावचा मजूर, तो पुरा न पडल्यास बाहेरचा, आणि दर दोघांना एकच, हा तोडगा या दोन गरजा वेगळ्या मांडल्यावर सहज दिसतो. ‘बाहेरचा माणूस बांधावर येऊ देणार नाही’ एवढ्याच घोषणेतून तो दिसत नाही.

खरा मध्यस्थ म्हणून कार्यकर्त्याने उभे राहण्याची जागा निराळीच आहे, आणि ती फार मोठी आहे. गोरगरिबांचे आपसातले तंटे : पाण्याची पाळी, बांधाची हद्द, भावांची वाटणी, छोट्या शेतकऱ्याची आणि त्याच्याच गावच्या दलित मजुराची कुरबूर. कोर्टकचेरीत सर्वांत जास्त पैसा याच माणसांचा जातो. कावेरीच्या पाण्याचा तंटाच पाहा. १९९० मध्ये लवाद नेमला, निवाडा २००७ मध्ये आला, सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा शब्द २०१८ मध्ये सांगितला; परंतु तामिळनाडूच्या आणि कर्नाटकाच्या शेतकऱ्यांनी एकमेकांच्या बांधावर जाऊन कालवे आणि पिके पाहिली ती २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘कावेरी कुटुंब’ या खटपटीमुळे. तिने वाटप ठरले नाही हे खरे. राजधान्यांत तोफा धडाडत असता शेतकरी शेतकऱ्याला पाहुणा म्हणून भेटला, हेही खरे. बरोबरीच्या माणसांमध्ये मध्यस्थीला जो वाव असतो तो मालक आणि मजूर यांच्यामध्ये कधीच नसतो.

काही गोष्टी मात्र बोलणीला ठेवायच्याच नाहीत. कायद्याने ठरलेली किमान मजुरी ही घासाघीस करण्याची वस्तू नव्हे. जातीय अत्याचार, स्त्रीवरील अत्याचार, मारहाण ही गावकीत ‘मिटविण्याची’ प्रकरणे नव्हेत. महाराष्ट्रात २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम झाली, गावांना बक्षिसे मिळाली. बांधाचे आणि घरगुती कित्येक तंटे त्यामुळे मिटले असतील. परंतु तंटा नसण्याला बक्षीस लागले म्हणजे तक्रार घेऊन येणारा दुबळा माणूस गावाच्या बक्षिसाच्या आड येणारा ठरतो, हा धोका उघड आहे. दबलेला तंटा आणि मिटलेला तंटा बाहेरून सारखेच दिसतात.

नव्या कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे प्रकरण आहे. एखाद्या भागातील रहिवाशांच्या शांततेला बाध आणणारा तंटा संबंधितांच्या संमतीने तिघा मध्यस्थांपुढे न्यावा, आणि त्यांची नावे विधी सेवा प्राधिकरणाने किंवा जिल्हाधिकाऱ्याने ठेवलेल्या यादीतून घ्यावी, अशी तरतूद आहे. तेथे झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे बजावता येत नाही. तो पाळला जाईल तो गावाच्या बळावर. आणि या यादीत कोण? कायदा पहिले नाव घेतो ते समाजातील प्रतिष्ठित, सचोटीच्या व्यक्तीचे. मोटार बाळगणारा तो सद्‌गृहस्थ येथे पुन्हा दाराशी उभा आहे. मात्र त्याच कलमात, ज्यांच्या सामाजिक कार्याला मान्यता आहे अशा स्थानिक व्यक्ती आणि मध्यस्थीचा अनुभव असलेली माणसे यांनाही जागा आहे, आणि स्त्रिया व इतर समूहांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करण्याची मुभा आहे. कायद्याची सगळी कलमे एकदम लागू झाली नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांतील काहीच लागू करण्यात आली. जेथे यादी व्हायची आहे तेथे जिल्हा समित्यांनी शेतमजूर युनियनच्या, महिला संघटनेच्या माणसांची नावे आधीच ठरवून त्यांना कायदा, कागद आणि मापाचे भांडे, तिन्ही वाचावयास शिकविले पाहिजे. यादी एकदा छापली गेली की तीत नाव घालून घेण्यासाठी पुन्हा त्याच सद्‌गृहस्थाकडे शिफारस मागावी लागेल.