घास लहान, पण हक्काचा

कळमनुरी तालुक्यातून एका भगिनीचं पत्र आलंय. वहीचं पान दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं. थोडक्यात मजकूर असा:

‘आम्ही कॅथलिक. लेकरू नऊ वर्षांचं, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. भिंतीला धरून चालतो. बोललेलं घरच्यांनाच कळतं. भाकरी वरणात कुस्करून भरवावी लागते. त्याच्या बरोबरीच्या मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद ईस्टरनंतर आहे. सरावाला साधी चकती तोंडात दिली, तर टाळूला चिकटली. उबळ आली अन् सगळ्यांसमोर थुंकून टाकली. सासूबाई म्हणतात, खरी पवित्र भाकर अशी थुंकली तर पाप कुणाला? राहू दे, त्याच्या नशिबात नाही. जावेच्या मुलीचा पांढरा फ्रॉक शिवायला टाकलाय. हा रोज विचारतो, माय, मला कधी? काय सांगू, ताई?’

आपल्या पुष्कळ वाचक भगिनींना हा विषय परका वाटेल. पण तीर्थप्रसाद घेताना ठसका लागणारं लेकरू कुणाच्याही घरी असू शकतं. पंगतीतून आपलंच मूल उठवलं गेलं तर आईच्या पोटात कसं तुटतं, हे काय सांगायला हवं? म्हणून हे उत्तर सविस्तर देते.

ताई, आधी सासूबाईंच्या शंकेचं बघू. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेत स्पष्ट आहे की बाप्तिस्मा झालेल्या आणि नियमानं मनाई नसलेल्या प्रत्येकाला ख्रिस्तप्रसाद द्यायला हवा. मुलांची तयारी हवी, समज हवी, पण ती ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणं. पाठ म्हणून दाखवणं ही काही अट नाही. ही साध्या भाकरीहून वेगळी, येशूची भाकर आहे, हे तुमच्या लेकराला कळतं का? ते खुणेनं सांगितलं तरी चालतं. ‘मला कधी?’ असं जे मूल रोज विचारतं, त्याला कळत नाही असं कोण म्हणेल?

आता थुंकण्याचं. उबळ ही शरीराची हालचाल आहे, अनादर नव्हे. जाणूनबुजून केलं तर दोष, न जमलं तर कसला दोष? तरी तयारी असावी. जवळ एक स्वच्छ पांढरा रुमाल ठेवा. प्रसाद बाहेर आलाच तर रुमालात घ्या आणि फादरांकडे द्या. ते तो पाण्यात विरघळवून, पाय पडणार नाही अशा जागी नीट विसर्जन करतात. ही जुनीच रीत आहे. तेव्हा घाबरून मुलाला ओरडू नका. तुम्ही घाबरलात की त्याचं अंग आणखी ताठतं.

तिसरी गोष्ट, पूर्ण चकती खायलाच हवी असं नाही. प्रत्येक कणात संपूर्ण ख्रिस्त आहे, हीच चर्चची शिकवण आहे. साखरेच्या दाण्याएवढा तुकडाही पुरतो. आणि घन काही गिळवतच नसेल, तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात प्रसाद देण्याची सोय धर्मसंहितेतच आहे. चमच्यानं एक-दोन थेंबही चालतात. फादरांशी मात्र आधी बोलायला हवं, म्हणजे मिस्सेच्या वेळी ते त्याची तजवीज ठेवतील.

घरचा सराव असा करा. फादरांकडून किंवा सिस्टरांकडून अभिमंत्रण न झालेल्या साध्या चकत्या मागून घ्या.

१. मूल रोज ज्या जागी, ज्या बैठकीत जेवतं, तिथंच बसवा. पाठ सरळ, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकून तोंडात काही घालू नका. तशानं घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

२. चकती कोरडी आणि हलकी असते, म्हणून कोरड्या तोंडात ती टाळूला चिकटते. आधी जीभ ओली करा. पाणी नीट गिळत असेल तर एक लहान घोट द्या. काही मुलांना मात्र पातळ पाण्यानंच जास्त ठसका लागतो. तुमचा त्यातला असेल तर ओल्या बोटानं ओठ-जीभ ओलावणं पुरे.

३. पहिल्या आठवड्यात फक्त कण. जिभेवर कुठं ठेवल्यावर त्याला घास फिरवता येतो, हे तुमच्या बोटांना नऊ वर्षांपासून ठाऊक आहे. तिथंच ठेवा. तोंड मिटू द्या, गिळेपर्यंत थांबा. घाई नको. कण जमला की मग जरा मोठा तुकडा.

४. दिवसातून एकदाच, आनंदाच्या वेळी. नको म्हणाला तर त्या दिवशी सोडून द्या. जबरदस्तीनं तोंड उघडलं, तर तो त्या चकतीचाच धसका घेईल.

५. घरी जमलं की रिकाम्या चर्चमध्ये करून पाहा, मग दोन-चार माणसांत. गर्दी, घंटा, बाजाच्या पेटीचा आवाज यांनी अशी मुलं दचकतात आणि अंग ताठतं. रांगेच्या शेवटी किंवा बाकावरच द्यायला फादरांना सांगा. तुम्ही शेजारी बसून हनुवटीला आधार द्या.

भाकरी वरणात कालवतो तसा प्रसाद दह्यात-दुधात कालवू नये. मागून पाणी देणं ठीक. आणि प्रसादाआधी तासभर उपवास हा नियम निरोगी माणसासाठी. पाणी आणि औषध यांनी तो मोडत नाही, आणि आजारी माणसाला व त्याची सेवा करणाऱ्यालाही त्यात सूट आहे. झटक्यांच्या गोळीची वेळ कधीही चुकवू नका.

आता डॉक्टरांची गोष्ट. घास घेताना वारंवार ठसका लागणं, जेवणानंतर आवाज घरघरणं, ओठ निळसर पडणं, वरचेवर छातीत कफ होऊन ताप येणं, यांपैकी काही असेल तर सराव थांबवा आणि आधी गिळण्याची तपासणी करून घ्या. हे काम वाचा-उपचार तज्ज्ञ करतात. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ साली सुरू झालेली ही योजना जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्या पथकाला गाठा, पुढं कुठं जायचं ते विचारा. तोवर द्राक्षारसाचा थेंबही डॉक्टरांना विचारूनच.

जाता जाता, गव्हाबद्दल. काही मुलांना गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही. सतत जुलाब, फुगलेलं पोट, न भरणारं अंग, रक्त कमी. आपल्या मराठवाड्यात घराघरात ज्वारीची भाकरी, आणि ज्वारीत ग्लुटेन नसतं. म्हणून हा त्रास दबून राहू शकतो. शंका आली तर गहू बंद करण्याआधी रक्त तपासा, नाहीतर तपासणीत तो सापडत नाही. आजार ठरला, तर प्रसादाचा कणसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ‘मग तांदळाची चकती द्या’ असं मात्र होत नाही. अमेरिकेत न्यू जर्सीत २००४ साली आठ वर्षांच्या एका मुलीला तांदळाची चकती दिली, तर धर्मप्रांतानं तो प्रथम ख्रिस्तप्रसाद ग्राह्य धरला नाही. आईनं पुष्कळ दाद मागितली. नियम गव्हाचाच आहे. पण २००३ साली रोमनं स्पष्ट केलं की अगदी कमी ग्लुटेनची गव्हाची चकती चालते, किंवा केवळ द्राक्षारस घेता येतो. दार बंद नाही, फक्त आधी विचारायचं.

ताई, फादर गावात येतील तेव्हा मिस्सेनंतरच्या गडबडीत बोलू नका. त्यांना सवड असेल तेव्हा मुलाला घेऊन भेटा. तो कसा जेवतो ते त्यांना पाहू द्या. एका कागदावर चार ओळी लिहून न्या: किती तुकडा, कुठं ठेवायचा, पाणी द्यायचं की नाही, कुठं बसेल. वेगळे फादर आले तरी तोच कागद कामी येईल. ईस्टरपर्यंत तयारी झाली नाही, तर पावसाळ्यात होईल. मात्र ‘पुढं बघू’ असं कुणी म्हणालं, तर तारीख विचारून घ्या.

आणि सासूबाईंना दूर ठेवू नका. रोजचा सराव त्यांच्याच मांडीशी होऊ द्या. त्यांना भीती देवाच्या अपमानाची आहे, नातवाचा राग नाही. कण गिळून नातू हसला, की ती भीती आपोआप कमी होईल.

जावेच्या मुलीचा फ्रॉक शिवायला गेलाय ना? मग याचाही पांढरा सदरा टाका. गळा जरा सैल ठेवायला सांगा, आणि रुमालासाठी एक खिसा. म्हणजे उद्या त्यानं ‘माय, मला कधी?’ विचारलं, तर तुम्हाला सदऱ्याचं माप घेता घेता उत्तर देता येईल.