भयपटाचें भय कोणास?

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठीं विद्यार्थ्यांनीं केलेले लघुपट निवडण्याचें काम एका वर्षीं आमच्याकडे आलें होतें. समितींत आम्ही चौघे होतों. आलेल्या लघुपटांत एक नऊ मिनिटांचा भयपट होता. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याची ती पहिलीच कृति. राहत्या घरांत, मोबाइलच्या कॅमेऱ्यानें आणि टेबलावरच्या एका दिव्याच्या उजेडांत त्यानें ती घेतली होती. कथा एवढीच: परीक्षा जवळ आलेला एक मुलगा रात्रीं दार लावून अभ्यासास बसला आहे. दाराखालच्या फटींतून बाहेरचा उजेड आंत येतो आणि त्या उजेडांत दोन पावलांची सावली पडते. आपला अभ्यास चालला आहे कीं नाहीं हें वडील बाहेर उभे राहून पाहत आहेत, हें मुलास ठाऊक आहे. दुसऱ्या रात्रीं तीच सावली. तिसऱ्या रात्रीं तीच. चौथ्या रात्रीं वडील परगांवीं गेलेले असतात, आणि सावली तरीही असते. तो धीर करून दार उघडतो. बाहेर कोणी नाहीं. शेवटच्या दृश्यांत तो स्वतः धाकट्या बहिणीच्या बंद दाराशीं उभा आहे, आणि त्याच्या पावलांची सावली आंत पडली आहे.

लघुपट संपल्यावर क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग एक सहकारी म्हणाले, "समोर पालक बसलेले असणार, त्यांना हें कसें दाखवायचें?" दुसरे म्हणाले कीं, याच मुलानें स्वच्छतेवर किंवा वृक्षारोपणावर कांहीं केलें असतें तर बरें झालें असतें. लघुपट वगळला गेला. आम्हीं विरोध केला नाहीं. त्या मौनाची टोचणी आम्हांस आजवर आहे. त्या दिवशीं जें बोलावयास हवें होतें, तें उशिरां कां होईना, येथें बोलावयाचें आहे.

अशा लघुपटांवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतील पहिला अभिरुचीचा. भयपट हा गल्लाभरू प्रकार. शिकल्या-सवरल्या घरांतील मुलानें त्याच्या वाटेस जाऊं नये, असें अनेकांस मनापासून वाटतें. परंतु ज्या परंपरेचा आपण उठतां-बसतां अभिमान सांगतों, तिनें भयाला पंक्तीबाहेर बसविलेलें नाहीं. भरतमुनींनीं नाट्याच्या आठ रसांत भयानकास शृंगार-वीरांच्या बरोबरीनें स्थान दिलें. पुढें रसप्रतीति कशी होते हें समजावून देतांना अभिनवगुप्तानें उदाहरण घेतलें तें शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतील, मान वळवून वळवून मागें पाहत धांवणाऱ्या हरिणाचें. आमच्या सहकाऱ्यांनीं या उदाहरणाचा थोडा विचार करावा. हरिणाच्या मागें राक्षस नाहीं, पिशाच नाहीं. मागें आहे तो दुष्यंत. नाटकाचा नायक, प्रजेचा पालक. ज्यानें रक्षण करावयाचें तोच धनुष्य ओढून पाठीशीं लागला आहे, आणि हा आश्रमाचा मृग आहे, याला मारूं नये, असें सांगण्यासाठीं तपस्व्यांस मध्यें पडावें लागतें. आमच्या विद्यार्थ्यानें दाराखालच्या फटींत दाखविलें तें याहून फारसें निराळें होतें काय?

परदेशांतही या प्रकारचे उत्तम आरंभ घरांतूनच झालेले आहेत. माया डेरेन हिनें पती अलेक्झांडर हॅमिड याच्यासह १९४३ सालीं 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' हा पहिला लघुपट केला, तो लॉस एंजलिस येथील स्वतःच्या घरांत. लांबी सुमारें चौदा मिनिटें. संवाद मुळींच नाहींत. एक किल्ली, एक सुरी, एक जिना, आणि चेहऱ्याच्या जागीं आरसा असलेली काळ्या वस्त्रांतील एक आकृति, एवढ्या सामग्रींतून रोजचें घर परकें होऊन बसतें. डेव्हिड लिंच यानें पहिलें चलच्चित्र केलें तें १९६७ सालीं, फिलाडेल्फिया येथें चित्रकला शिकत असतांना. त्याच्या पाठोपाठ १९६८ सालीं आलेला 'द आल्फाबेट' हा अवघ्या चार मिनिटांचा लघुपट त्याला सुचला, तो पत्नीची लहानगी भाची दुःस्वप्नांत मुळाक्षरें घोकीत होती, एवढ्या ऐकीव हकीकतीवरून. मुळाक्षरांचें भय! शिक्षक म्हणवून घेणाऱ्या आम्हां लोकांस याहून अधिक अंतर्मुख करणारा विषय कोणता असेल? पुढें अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी असतांना १९७२ सालीं त्यानें आरंभिलेला 'इरेझरहेड' १९७७ सालीं लोकांपुढें आला. त्याच्या मुळाशीं आहे एका तरुणास वाटणारें बाप होण्याचें भय. या मंडळींनीं भूत शोधण्यासाठीं स्मशान गांठलें नाहीं. तीं आपल्याच जिन्यावर आणि आपल्याच पाळण्याशीं थांबलीं.

दुसरा आक्षेप असा कीं, अशा लघुपटांनीं घराची अप्रतिष्ठा होते, आईबापांविषयींचा आदर ढळतो. खरें पाहतां आमच्या विद्यार्थ्याच्या लघुपटांत बाप एकदांही ओरडत नाहीं, हात उगारीत नाहीं. तो काळजीनें उभा आहे. काळजी आणि पाळत यांच्यामधील रेषा किती बारीक असते, आणि ज्याच्यावर पाळत राहिली तोच पुढें पाळत ठेवूं लागतो, एवढेंच त्या मुलानें सांगितलें होतें, आणि तेंही एका शब्दाविना. यांत अनादर कोठें आहे? उलट बापाला राक्षस न करतां त्याच्या प्रेमांतील जाच दाखविण्यास जो समंजसपणा लागतो, तो वीस वर्षांच्या मुलाजवळ होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या आम्हां चौघांजवळ नव्हता. स्वच्छतेचा लघुपट आम्हांस प्रिय, कारण तो आम्हांस कांहीं विचारीत नाहीं. त्याला टाळ्या देऊन घरीं जातां येतें. आणि खरें सांगावयाचें तर, आमचा मुलगा बारावींत असतांना दुधाचा पेला हातांत घेऊन आम्हीही त्याच्या दाराशीं पुष्कळदां उभे राहिलों आहों. दूध हें निमित्त होतें. आंतून पान उलटल्याचा आवाज येतो कीं नाहीं, इकडे आमचे कान असत. त्या दिवशीं समितीच्या खोलींत भ्यालें कोण, हें आतां निराळें सांगावयास नको.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. मनाच्या आजाराचें भांडवल करून हे चित्रपट रुग्णांची विटंबना करतात, असें म्हणणाऱ्यांस आम्ही खोटें पाडूं शकत नाहीं. हिचकॉकचा १९६० सालचा 'सायको' ही कसबी कृति खरी. पण खुनाचा उलगडा रोग्याच्या दुभंगलेल्या मनांत करण्याची जी वाट तिनें प्रशस्त केली, तिच्यावरून मागून कितीतरी सामान्य चित्रपट बिनदिक्कत चालत गेले. मनोरुग्ण म्हणजे सुरी घेतलेला मनुष्य, ही समजूत पसरण्यास त्यांचा हातभार लागला आहे. विद्यार्थ्यांनीं येथें एकच कसोटी लावावी: प्रेक्षकाला आजारी माणसाचें भय वाटतें, कीं त्या माणसाला वाटणारें भय प्रेक्षकापर्यंत पोहोंचतें? पहिला अन्याय आहे. दुसरी सहानुभूति आहे. ही कसोटी न पाळणाऱ्यास समितीनें अवश्य परत पाठवावें. परंतु रोगाच्या नांवाखालीं निरोगी घरांतील धाकाचें चित्रही दडपूं नये.

विद्यार्थ्यांचाही कैवार आम्ही आंधळेपणानें घेत नाहीं. त्या वर्षीं आलेले इतर दोन भयपट आम्हींच आनंदानें नाकारले. त्यांत लाल रंग मुबलक होता, मोकळ्या केसांची बाई होती, आणि दर मिनिटास कानठळ्या बसविणारा आवाज होता. भरतानें भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे ठेविले. एकाचा स्थायी भाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. ओकारी आणणें सोपें आहे, दचकविणें त्याहूनही सोपें. घरीं गेल्यावर दाराखालच्या फटीकडे पाहण्यास लावणें कठीण. हॉलिवुडांत १९४२ सालीं व्हॅल लूटन या निर्मात्यानें आणि झाक तूर्नर या दिग्दर्शकानें 'कॅट पीपल' थोडक्या खर्चांत केला. त्यांतील पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगांत श्वापद असें दिसत नाहीं. भिंतीवर सावली, पाण्याची थरथर आणि गुरगुर, बस्स. गरिबी ही या प्रकारांत अडचण नव्हे, साहाय्यकच आहे. अंधारास पैसे पडत नाहींत. कष्ट घ्यावयाचे ते ध्वनीवर. रात्रीच्या खोलीला स्वतःचा आवाज असतो: पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, नळाचा थेंब. तो शांतपणें टिपून ठेवावा, आणि एकदां मध्येंच थांबवावा. त्या थांबण्यांत जें भय आहे, तें विकत घेतलेल्या किंकाळींत नाहीं.

ज्या महाराष्ट्रांत पुण्यास प्रभातच्या जागेवर १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली, तेथील महाविद्यालयांनीं लघुपटास अजूनही भाषण आणि अल्पोपाहार यांच्यामधील पोकळी भरण्याचें साधन समजावें, ही खेदाची गोष्ट आहे. आपलीं मुलें पहिल्यांदा कॅमेरा हातांत घेतात आणि तो आपल्या घराकडे वळवितात, तेव्हां तीं आपल्यावर विश्वास टाकीत असतात. आम्हांस कशाची भीति वाटते तें तुम्ही पाहा, एवढीच त्यांची विनंति असते. ती फेटाळली म्हणून भीति जात नाहीं. ती दार लावून घेते.

त्या विद्यार्थ्यानें नापसंतीचें कारण विचारलें, तेव्हां आम्हीं वेळेअभावीं असें उत्तर दिलें. तो कांहीं बोलला नाहीं. मान हलवून गेला, आणि जातांना आमच्या खोलीचें दार त्यानें अगदीं हळूच ओढून घेतलें.